गडग्यातलं कोकरांचं दार

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, आणि चौथीसुद्धा गुरांच्या मागे फिरत केलेली. त्यामुळे आमच्या मुंबईच्या ग्रामस्थ मंडळानं 'स्मरणिकेसाठी विलायतेवर चार पानं लिहा' असा निरोप धाडला तेव्हा मी सरळ नाही म्हणालो. मग कानावर आलं की माझ्याऐवजी लिहायला दुसरा एकजण तयार बसला आहे, जो पुण्याच्या पलीकडे कधी गेलेला नाही. तेव्हा वही उघडली.

आधीच सांगतो, लंडन मी पाहिलं नाही. राणीचा वाडा आणि मोठं घड्याळ ज्याला पाहिजे त्यानं टीव्हीवर बघावं. मी सव्वा महिना राहिलो तो एका खेड्यात, उत्तरेच्या डोंगरात. चाळीसेक घरं, एक चर्च, एक दुकान. त्या गावाचं नाव मला म्हणता येतं पण लिहिता येत नाही, तेव्हा नुसतं गाव म्हणतो. माझी मुलगी सुनंदा नर्स आहे. गावापासून जवळच्या शहरात तिचा दवाखाना, आणि शहरात घर परवडेना म्हणून ती आणि जावई या खेड्यात राहतात.

निघण्याआधी

हे नाही सांगितलं तर पुढचं कळायचं नाही, आणि वरच्या वाडीतली माणसं ही स्मरणिका वाचणार आहेत, तेव्हा खरं तेच लिहितो.

आमच्या कापडे गावाच्या अंगाला कोणालाही विचारा, गडगा घालावा तर मी. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. माझ्या बापानं घातलेले गडगे अजून उभे आहेत आणि माझेही राहतील. वरच्या वाडीची पायवाट माझ्या वावरातून खाली एस.टी.च्या रस्त्याला उतरते. भात कापलं की त्याच वावरात मी वाल टाकतो. वाटेवर मी काट्यांचं कवाड लावायचो आणि जाणारा येणारा ते उघडं टाकून जायचा. वरच्या शेळ्यांनी दोन वर्षं माझा वाल खाल्ला. तिसऱ्या वर्षी मी कोणाला काही बोललो नाही. बारा दिवसांत छातीएवढा गडगा घातला, या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग. वाट बंद.

आता वरची वाडी म्हणजे माझी सासुरवाडी. सासूबाई पंच्याऐंशीच्या पुढच्या, तिथेच मेव्हण्याकडे, भिकूकडे असतात. आमची मंडळी रोज दुपारी आईला ताजी भाकरी घेऊन वर जाते. वाट होती तेव्हा दहा मिनिटं, आता वहाळाकडून वळसा घालून चाळीस. मी म्हणालो, "तू आपल्या परसातनं जा की गो. तुला कोन अडवतंय?"

ती म्हणाली, "सगली जातात तशी मी जाईन."

आणि गेली. रोज. उन्हातून, डोक्यावर टोपली घेऊन, माझ्या समोरून.

सुनंदानं दोघांना बोलावलं होतं. मंडळी म्हणाली, "आधी गडगा पाडा. मंगच मी इमानात बसन."

"गडगा ऱ्हाईल."

"तर मी पन हितंच ऱ्हाईन."

अशा रीतीनं मी एकटा निघालो. भिकू माझी पेटी खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आला. तोही वळशानंच आला. वीर स्टेशनावर गाडी पकडायची होती, रिक्षा थांबली होती. तो एवढंच म्हणाला, "भावोजी, संबालून." मी बरं म्हणालो. विमानाचं काही लिहीत नाही. बसलो, उतरलो.

डोंगर पाहिले तेव्हा

पहिल्या सकाळी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि चहा तसाच ठेवून चपला घातल्या. डोंगरभर गडगे! खालपासून शेंड्यापर्यंत, उतारावरून, ओढ्यापलीकडून, जिथे शेळी उभी राहणार नाही अशा चढावरूनसुद्धा. सगळे बिनचुन्याचे. दगड मात्र आपल्यासारखा काळा नाही, राखेच्या रंगाचा. साडेचार हजार मैलांवर येऊन मला माझंच काम भेटलं.

एका गडग्यापाशी जाऊन मी अंगठ्यानं दगड दाबून पाहू लागलो. सुनंदा स्वेटर घेऊन मागून धावत आली. "आबा, लोकांच्या भिंती हलवून काय बगताय?"

"हलतंय का तेच बगतोय."

तेवढ्यात गडग्याच्या पलीकडून एक डोकं वर आलं. चपटी टोपी, लाल नाक, माझ्याच वयाचा. तो आर्थर. गडगा त्याचा, मेंढरं त्याची. तो काहीतरी बोलला, मी काहीतरी बोललो. मग मी खाली पडलेला एक दगड उचलला आणि एका खाचेत बसवला. त्यानं तो काढला, फिरवला आणि लांब अंग आत घालून पुन्हा बसवला. माझ्याकडे पाहिलं.

त्याचं बरोबर होतं. लांब अंग आतच जातं. मला काय ठाऊक नाही असं नाही, पण थंडीनं हात आखडले होते. ओळख मात्र झाली.

गावाची माहिती

गाव जुनं आहे. चर्चच्या आत एका फळीवर तिथे होऊन गेलेल्या सगळ्या पाद्र्यांची नावं लिहिलेली आहेत, सात-आठशे वर्षांची. मला माझ्या पणजोबाच्या मागचं नाव माहीत नाही. त्यांना मात्र कुठला पाद्री कुठल्या साथीत मेला तेही पाठ. बाहेर एक दगड आहे, त्यावर जर्मनीच्या लढाईत गेलेल्यांची अकरा नावं. एवढ्याशा गावातून अकरा, त्यात तीन एकाच घरची. आपल्या महाड-पोलादपूरकडची माणसंही त्या लढाईला गेली आणि सगळी काही परत आली नाहीत. मी टोपी काढून उभा राहिलो. शेजारी एक बाई फुलदाणीतलं पाणी बदलत होती.

शाळा बंद पडली आहे, पोरंच नाहीत. शाळेच्या इमारतीत आता गावाचा हॉल आहे. दुकान आणि पोस्ट एकच, आणि चालवणारी बाई एकच. पत्र पाहिजे असेल तर ती डाव्या बाजूला उभी राहते, बटाटे पाहिजे असतील तर उजव्या. गावकीची सभा मी पाहिली. ओढ्याकाठच्या बाकाला हिरवा रंग द्यायचा की तपकिरी यावर दोन तास भांडण. एक म्हातारी उठून निघून गेली आणि पुन्हा येऊन बसली. सुनंदा मला कानात सांगत होती. मी म्हणालो, "सांगू नको, समजतंय सगलं." आपली ग्रामसभा ज्यानं पाहिली आहे त्याला इंग्रजी लागत नाही.

खाण्याचं म्हणाल तर कुळथाचं पीठ मी इथून नेलं होतं. आर्थरला पिठी करून घातली. त्यानं ती पावाला लावून खाल्ली आणि वाटी पुसून घेतली. त्याच्या परसात मला अळू दिसलं. मोठी पानं, लाल देठ. आनंदानं दहा-बारा कापून आणली आणि फतफतं करायला विळीवर बसलो. सुनंदा दवाखान्यातून आली आणि किंचाळलीच. "आबा, ती पानं इषारी असतात! ते अळू नाय! हितं नुसते देठ खातात, तेबी साखर घालून."

"मंग अळवासारखं दिसायचं कशाला?"

देठांचा तिनं गोड पदार्थ केला. आंबट होता. खाल्ला.

वाट

आर्थरच्या शेतातून एक पायवाट जाते. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून, कुरणातून, थेट चर्चपर्यंत. तिच्यावरून कोणीही चालतं. ओळखीचे, अनोळखी, कुत्री घेऊन, काठ्या घेऊन, परगावचेसुद्धा. जिथे वाटेला गडगा आडवा येतो तिथे गडग्यात तीन लांब दगड आरपार घातलेले, दोन्ही अंगांना बाहेर निघालेले, जिन्यासारखे. माणूस चढतो आणि पलीकडे उतरतो. मेंढरू चढत नाही. ना कवाड, ना कडी, ना उघडं राहायची भीती.

मी त्या पायऱ्या पहिल्या दिवशीच पाहिल्या. रोज चढलो-उतरलो. पण त्याविषयी मी तोंडातून शब्द काढला नाही.

एकदा मात्र सुनंदाला म्हणालो, "विचार त्याला, परकी मानसं खिडकीखालनं जातात, त्याचं काय वाटत नाय?"

आर्थरला प्रश्नच नीट कळला नाही. तिनं पुन्हा विचारला. मग तो म्हणाला, वाट आधीची आहे, आम्ही मागाहून आलो. जुन्या काळी वरच्या वस्तीवरची मढी याच वाटेनं चर्चला आणायचे.

"सांग त्याला, वाट त्याचीच, कागदावर त्याची असंल तर," मी म्हणालो.

सुनंदानं ते सांगितलं नाही.

शनिवारची सावड

हिवाळ्यात गडगा एका ठिकाणी फुगून पडला होता. तो लावायला शनिवारी सारं गाव जमलं. आपल्याकडे लावणीला सावड करतात तशीच, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. पोस्टाची बाई, पाद्री, बाकाच्या रंगावरून भांडलेले दोन्ही पक्ष. मी गेलो. पहिल्यांदा मला म्हातारा म्हणून खुर्ची दिली. मी ती उचलून बाजूला ठेवली.

दुपारपर्यंत माझा पट्टा सगळ्यांच्या पुढे होता. दोन्ही अंगं सरळ, मध्ये चिपा ठासून, दर हातभर उंचीवर एक आरपार दगड. पाद्र्यानं बसवलेले चार दगड मी तो चहाला गेल्यावर काढून पुन्हा बसवले. आर्थरनं पाहिलं आणि डोळा मिचकावला. संध्याकाळी सगळ्यांसमोर त्यानं माझा हात धरून वर केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या गावात गडग्यासाठी मला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

त्या टाळ्या मला नडल्या.

रविवार

रविवारी सगळे चर्चला. सुनंदा ड्यूटीवर, जावई झोपलेले. मी एकटाच फिरत कालच्या कामापासून पुढे गेलो, तर गडग्याच्या तळाशी एक भगदाड. गुडघ्याएवढं उंच, दीड वीत रुंद. मनात म्हणालो, ही काय रीत? एवढा चांगला गडगा आणि खाली हे खिंडार. आर्थर थकला, त्याच्यानं होत नसेल. त्याला न सांगता करून टाकू, उद्या बघून खूश होईल.

दोन तास लागले. असं बुजवलं की कुठे भोक होतं ते मलाही शोधावं लागलं असतं.

एक गोष्ट लिहायलाच पाहिजे. त्या भोकाच्या वर एक लांब सपाट दगड आडवा टाकलेला होता, दारावर टाकतात तसा. पडलेल्या भिंतीत असा दगड नसतो. तो कोणीतरी ठेवलेला असतो. मी तो पाहिला होता. तरी बुजवलं.

दुपारी मेंढरं ओरडत होती. मेंढरं ओरडतातच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. चारच्या सुमारास आर्थर दारात आला, टोपी हातात. सुनंदा नुकतीच परतली होती. तो रागावला नव्हता, पण घामानं भिजला होता. मला बाहीला धरून घेऊन गेला.

गडग्याच्या या अंगाला मेंढ्या, त्या अंगाला कोकरं. पन्नासेक. कोकरं मी बुजवलेल्या जागेला डोकी घासत होती. मेंढ्या या बाजूनं गडग्याला तोंड लावून ओरडत होत्या. ते भगदाड कोकरांचं दार होतं. सकाळी कोकरं त्यातून पलीकडच्या कोवळ्या गवतात जातात आणि दूध प्यायला आईकडे परत येतात. आयांना त्यातून जाता येत नाही, म्हणून कोवळं गवत कोकरांना राहतं. आर्थरच्या आज्यानं ते ठेवलं होतं. तीन वर्षांमागे त्या भागात जनावरांत रोग आला आणि त्याची सगळी मेंढरं मारावी लागली, निरोगी होती तीसुद्धा. ही नवी मेंढरं. त्यांना हे दार शिकवायला त्याला दोन हंगाम लागले होते.

मी खाली बसलो आणि दगड काढायला लागलो. तोही शेजारी बसला. त्याचे गुडघे कुरकुरत होते, माझेही. चांगलं बसवलेलं काम काढायला वेळ लागतो. पहिलं भोक पडल्याबरोबर एक कोकरू माझ्या हाताखालून घुसलं, आईला शोधून तिच्या पोटाखाली शिरलं आणि शेपटी हलवायला लागलं. मग बाकीची.

आर्थरनं सुनंदाला काहीतरी विचारलं.

"काय म्हनतो?"

"विचारतात, तुमच्या गावात गडग्यातनं जायला काय ठेवत नाय का?"

"सांग, जाऊ नये म्हनूनच गडगा घालतात."

ती सांगू लागली आणि थांबेचना. मी एक वाक्य दिलं होतं, ही पंचवीस बोलली. मध्ये 'आजी' ऐकू आलं, 'आई' ऐकू आलं. माझ्या स्वतःच्या मुलीनं मला न विचारता सगळी कथा सांगितली.

"काय सांगितलंस गो?"

"खरं ते," ती म्हणाली. "तिकडंबी तुमी हेच करून आलाव, आबा. आजी वर, आई खाली."

आर्थर उठला, मला उठवलं आणि वाटेवरच्या पायऱ्यांपाशी नेलं. मधल्या दगडावर बुटाची टाच आपटली. मग खाली वाकून दाखवलं की दगड आत किती खोल गेला आहे, वर किती वजन आहे, दोन पायऱ्यांत किती अंतर आहे. मी वीत लावून मोजलं. दोघंही एवढंच बोललो.

जायच्या आधी शेवटच्या संध्याकाळी मी त्याला सांगितलं, महाडजवळ सव नावाचं गाव आहे, तिथे जमिनीतून कढत पाणी येतं, त्यात चार दिवस बसलास तर तुझे गुडघे सुटतील. तो म्हणाला, मग मेंढरांकडे कोण बघणार? मी म्हणालो, मी बघेन. तो इतका हसला की त्याला खोकला लागला. माझ्या हाताखाली मेंढरं द्यायला तो तयार नव्हता.

परत कापड्यात

मृगाच्या आधी परत आलो. मंडळीनं सुनंदाची चौकशी केली, तिची तब्येत, तिचं घर. माझ्याशी त्याहून जास्त बोलली नाही. दुपारी टोपली घेऊन वळशानं वर गेली.

दुसऱ्या दिवशी मी वहाळात उतरून तीन लांब दगड निवडले. बैलगाडीनं वर आणले. तिसऱ्या दिवशी गडग्याचा मधला हातभर पट्टा वरून उतरवायला घेतला. वरून भिकूनं पाहिलं आणि तो उतरत आला. गडग्यापलीकडे उभा राहिला.

"भावोजी, पाडताव की काय?"

"पाडत नाय. पायऱ्या घालतोय. तिकडली पद्धत हाय."

त्यानं बाह्या वर सारल्या. "मी हात लावू?"

"लाव. लांब अंग आत."

"ते मना शिकवताव?"

दोघांनी मिळून उन्हं तापायच्या आत संपवलं. दुपारी मंडळी टोपली घेऊन निघाली, वळशाकडे वळली, आणि थांबली. मागे आली. पायऱ्यांकडे पाहिलं. पहिल्या दगडावर पाय ठेवला, दुसऱ्यापर्यंत पोचवायला गेली आणि खाली उतरली.

"मदली उंच झाली."

"तिकडं येवडीच असते. मी मोजून आनलंय."

"तिकडं बाया लुगडं नेसून डोक्यावर टोपली घेतात?"

भिकूनं तोंड फिरवलं. तो हसत होता हे त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. मी वरचे दगड पुन्हा उतरवले, मधला काढला, खालची चीप काढून चार बोटं खाली बसवला. ती तोवर टोपली डोक्यावर घेऊन तशीच उभी होती. खाली ठेव म्हटलं तर ठेवली नाही.

मग चढली. पहिली, दुसरी, तिसरी. वर क्षणभर थांबली आणि पलीकडे उतरली.

संध्याकाळी परत आली तीसुद्धा त्याच वाटेनं. माझ्या ताटात भाकरी वाढताना म्हणाली, "आई म्हनत होती, आज भाकरी गरम हाय."

या गोष्टीला आता दोन पावसाळे झाले. तीनातला एकही दगड हललेला नाही. गणपतीला मुंबईहून गावी याल तेव्हा वळसा घालू नका, खुशाल इथून चढा. मधली पायरी मापापेक्षा चार बोटं खाली आहे. म्हाताऱ्याचा अंदाज चुकला असं कोणी म्हणू नये. ती मुद्दाम तशी आहे.

कोकरांचं दार मात्र मी ठेवलेलं नाही. वाल मलाच खायचा आहे.